दोराची बोहनी

जळगाव,
३ ऑगस्ट २०२५

ती. फुईस,
हेमांगीचा नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मेसेज पाठवला तर तुझा लेक समाधानभाऊ आधी स्वतः वाचतो, मग तुझ्यासमोर ओरडून सांगतो. गल्लीला आधी कळतं, तुला नंतर. म्हणून पत्र. कॉलेजची तीन वर्षं तुझ्याकडे राहिले तेव्हाही आपण पाटीवर लिहूनच भांडायचो.

नोकरीचं बाबांनी कळवलंच असेल. डाळ मिल आहे, एमआयडीसीत. अमृतलाल शेठ आता थकलेत, कारभार त्यांचा मुलगा अमनभैया पाहतो. मला घेतलं हजेरी आणि पगाराच्या कामाला, पण लगेच दुसरं काम दिलं. कामगारांकडून सुधारणेच्या कल्पना गोळा करायच्या. अमनभैया म्हणाले, "मशीनवाले येतात, दोन तास शिकवून जातात. दिवसभर मशीनपाशी कोण असतं? त्यांना विचारा." फुई, हे ऐकून माझा ऊर भरून आला. आपल्या घरात कुणाला कधी कुणी काही विचारलं होतं?

मी एक पेटी रंगवून लावली. आठवडाभराने उघडली तर आत तीन चिठ्ठ्या. एकीत 'चहात साखर वाढवा', दुसरीत 'भटू मुकादमाला बायको पाहून द्या', तिसरी कोरी. भटूभाऊ म्हणाले, "कोरी माझी. मला जे सांगायचंय ते लिहिण्यासारखं नाही."

हसू आलं, पण एक गोष्ट तुलाच सांगते. मिलमध्ये जमिनीखाली एक खड्डा आहे. त्यातून बादल्यांचा पट्टा तूर उचलून वरच्या मजल्यावर नेतो. सांडलेली तूर भरायला भागाबाई म्हणून एक बाई सूप घेऊन त्या खड्ड्यात उतरते, आणि पट्टा चालूच असतो. तो बंद करायचं बटण आहे, पण शेडच्या दुसऱ्या टोकाला, भटूभाऊंच्या खुर्चीपाशी. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. आता रोज ती वर येईपर्यंत मी हापिसच्या काचेपाशी उभी असते. काम सुचत नाही.

तू पॉवरलूमवर जाणं सोडलंस ना? पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी मी तुझ्याकडून वचन घेतलं होतं.

तुझी,
हेमांगी


धुळे,
१० ऑगस्ट

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा पदवीचा डगला घातलेला फोटो भिंतीवर आहे, त्याच्या खाली बसूनच लिहिते.

मी लूमवर जात नाही. घरी बसून देवाच्या वाती वळते आणि मारवाडी गल्लीत देते. तू माझी काळजी करू नकोस.

आता माझं ऐक. मी तुझ्या बापाची मोठी बहीण, सातवीच शिकले, पण शेडमध्ये माझं आयुष्य गेलं. शेठ विचारतो तेव्हा सगळ्यात आधी भिऊन घ्यावं. आमच्याकडे नवल नावाच्या कारागिराने सांगितलं होतं, सुताच्या कांड्या टोपलीतून आणण्यापेक्षा चाकाची गाडी करा. गाडी झाली. त्याला हार घातला. टोपल्या उचलणाऱ्या दोघी बाया दुसऱ्या दिवसापासून घरी. त्या नवलला पुन्हा कुणी तंबाखूसुद्धा मागितली नाही. तुझी पेटी रिकामी आहे कारण लोक शहाणे आहेत.

तू हजेरी लिही, पगार लिही, वेळेवर घरी ये. खड्ड्याकडे पाहू नकोस. आपण नाही पाहिलं तरी जग चालतं.

तुझी फुई,
प्रमिला


जळगाव,
२४ ऑगस्ट

ती. फुईस, नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग मी पेटी बंद केली आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन बायांमध्ये जाऊन बसले. नवलभाऊंची गोष्ट त्यांना जशीच्या तशी सांगितली. मंजुळाबाई म्हणून निवडणीवर आहेत, जिभेने तिखट, त्या म्हणाल्या, "बरं झालं ताई, तुम्हीच सांगितलं. आम्ही म्हणत होतो, हिला कुणी सांगावं."

मग मी अमनभैयांना खाली बोलावून आणलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, कल्पनेमुळे कुणाचं काम जाणार नाही ना? ते माझ्याकडे पाहतच राहिले. पण ते "नाही जाणार" म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर बाया बोलल्या. बाकी काही नाही, खड्ड्याचंच बोलल्या. भागाबाई खाली असताना काही झालं तर ती ओरडेल, आणि आवाजात ते कुणाला कळणार नाही. एक म्हणाली, घंटा लावा. मला घंटा पटली होती, पण वाटलं तुला विचारावं. आवाजात जन्म काढलेलं माणूस तूच आहेस.

तुझ्या पत्राच्या घडीत कापसाचे तंतू होते. वाती फार वळतेस वाटतं.

तुझी,
हेमांगी


धुळे,
२९ ऑगस्ट

चि. हेमांगीस,

नको म्हटलं ते केलंस. आता अर्धवट सोडू नकोस, अर्धवटाने माणूस मरतो.

घंटा लावू नका. शेडमध्ये घंटा म्हणजे समुद्रात तांब्या ओतणं. आम्ही एकमेकींचे ओठ पाहून बोलतो, हाताने खुणा करतो. काम थांबवायचं असेल तर ज्याला थांबवायचं आहे त्याच्या हाताशी काहीतरी पाहिजे, नाहीतर लांबच्या माणसाच्या डोळ्याला दिसेल असं पाहिजे. कानावर भरवसा ठेवू नका.

हे मी सांगितलं असं कुठे लिहू नकोस.

वाती बऱ्याच असतात. श्रावण होता ना.

प्रमिला


जळगाव,
२१ सप्टेंबर

ती. फुईस, नमस्कार.

तुझ्या शब्दावरून मंजुळाबाईंनी मार्ग काढला. भिंतीला कड्या ठोकून खड्ड्यापासून थेट बटणापर्यंत एक दोर नेलाय. कुठूनही ओढला की पट्टा बंद. वायरमनने एका दुपारीत करून दिला. भागाबाईच्या हातूनच ओढून पाहिला. पट्टा थांबला तशा बाया टाळ्या वाजवायला लागल्या. अमनभैयांनी फोटो काढला. भटूभाऊ तेवढे म्हणाले, "झाला बायांचा झोका. आता घ्या आराम."

मग अमनभैयांनी नियम केला. दोर उगाच ओढला जाऊ नये म्हणून, जो ओढेल त्याने हापिसात येऊन कारण सांगायचं. मला तो नियम सरळ वाटला. फळ्यावर मीच सुवाच्य अक्षरात लिहिला.

त्या दिवसापासून दोराला कुणी हात लावलेला नाही. परवा भागाबाईचा पाय खड्ड्यात घसरला, ती कशीबशी पायरी धरून वर आली, पण दोर ओढला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, माले खड्डामा उतरानी भीती नही वाटस, हापिसमा जावानी वाटस." आणि मग म्हणाली, "दोर शे. पन ओढी कोन?"

फुई, मला रात्री झोप लागत नाही. आधी निदान सगळ्यांना माहीत होतं की काही सोय नाही. आता सोय आहे असं सगळे समजतात. मी अमनभैयांकडे जाऊन नियम काढायला सांगणार होते. दारापर्यंत गेले आणि हजेरीचं काहीतरी विचारून परत आले. खड्ड्यात उतरणाऱ्या बाईला ज्या हापिसची भीती, त्यात मी रोज बसते आणि मलाही तीच आहे.

हेमांगी


धुळे,
२७ सप्टेंबर

चि. हेमांगीस,

दाराशी जाऊन परत येणं यात लाज नाही. मीही किती वेळा आले आहे.

नवरात्र सुरू आहे. दसऱ्याला पिंपळनेरला घरी जाशील तर धुळ्याला उतर. एसटी स्टँडवर समाधान येईल. मी दुपारी बाहेर असते, वाती पोचवायला, तेव्हा संध्याकाळच्या गाडीने ये.

खंडेनवमीला मिलची पूजा असेल. त्या दिवशी तरी भागाबाई खड्ड्यात उतरणार नाही. तेवढा एक दिवस तू झोपून घे.

प्रमिला


जळगाव,
४ ऑक्टोबर

फुई,

धुळ्याला येऊ शकले नाही. का ते लिहिते.

बुधवारी खंडेनवमी झाली. बायांनी मशीन धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावलं. आणि भटूभाऊंनी, जे दोराला झोका म्हणायचे त्यांनीच, सकाळी बाजारातून झेंडू आणून सबंध दोरावर तोरण केलं. खड्ड्यापासून आपल्या खुर्चीपर्यंत. म्हणाले, "यंदा नवं हत्यार आलंय घरात. त्याचा मान आधी." बायांचे चेहरे पाहायला हवे होतेस. मला वाटलं, जिंकलो. मी प्रत्येक कडीपाशी उभं राहून तोरणाचे फोटो काढले.

आपल्याकडे पूजेचं तोरण कुणी लगेच उतरवत नाही. सुकून आपोआप गळतं तोवर राहतं. काल शुक्रवारी मिल सुरू झाली तेव्हा ते तसंच होतं.

मी वर हापिसात होते. एकाएकी मिल गप्प झाली. फुई, इतके दिवस मी त्या आवाजाला भ्यायले, पण त्या शांततेइतकी कशालाच नाही. जिना कसा उतरले ते आठवत नाही.

खड्ड्यात भागाबाईच्या तोंडाला बांधलेल्या रुमालाचं टोक बादलीत अडकलं होतं. रुमाल गळ्याभोवती आवळत गेला. तिने मध्ये हात घातला म्हणून गळा वाचला, हात पट्ट्यात गेला. वर मंजुळाबाई होत्या. त्यांनी दोर ओढला. दोर हललाच नाही. तोरण लोंबू नये, पूजेची वस्तू ढिली दिसू नये म्हणून भटूभाऊंनी तो प्रत्येक कडीला तारेने घट्ट बांधला होता. मी फोटो काढले त्या प्रत्येक कडीला तार होती आणि मला फक्त फुलं दिसली.

मंजुळाबाईंनी दोर सोडला नाही. दोन्ही पाय उचलून लटकल्या, हिसके देत राहिल्या. तार निघाली नाही, पण दोरावरचा सगळा झेंडू शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरायला लागला. भटूभाऊंना ओरडणं ऐकू आलं नव्हतं. फुलं हलताना दिसली. कोण माझं तोरण तोडतंय म्हणून शिवी देत ते उठले, आणि मग त्यांना मंजुळाबाईंचं तोंड दिसलं. त्यांनी बटण दाबलं.

भागाबाई सिव्हिलमध्ये आहे. गळ्यावर निळा वळ आहे, हात प्लास्टरमध्ये आहे. जिवाला धोका नाही म्हणाले. बोटं चालतील का ते डॉक्टर सांगत नाहीत. भटूभाऊ वॉर्डाबाहेर जमिनीवर बसलेत.

संध्याकाळी अमनभैया म्हणाले, "सोमवारी दोर काढून टाका. वेळेला चाललाच नाही. कल्पना वगैरे पुरे." मी "हो" म्हणाले. फुई, मी हो म्हणाले.

हेमांगी


धुळे,
७ ऑक्टोबर

चि. हेमांगीस,

पत्र वाचताना हातातलं काम सुटून गेलं. तू सामान बांध आणि इकडे ये. नोकऱ्या काय जळगावातच आहेत का? धुळ्यात एखाद्या दुकानात हिशेबाला लागशील. त्या खड्ड्याजवळ मला तू नको. तुझा बाप विचारील तर मी सांगेन, माझी तब्येत बरी नाही म्हणून बोलावली.

हे सगळं लिहून मी पाकीट बंद केलं होतं, ते परत उघडलं.

त्या मंजुळाबाईचं मनातून जात नाही. दोर सुटत नाही हे तिला पहिल्या हिसक्यातच कळलं असणार. तरी लटकून राहिली. आणि तो मेला भटू, फुलांसाठी का होईना, उठला.

दोर गेला तर उद्या त्या बायांनी कशाला लटकायचं?

मला कळत नाही मी काय सांगते आहे. ये म्हणते आणि हेही म्हणते. मला तुझ्या जिवाची भीती वाटते, एवढंच खरं.

प्रमिला


जळगाव,
१२ ऑक्टोबर

ती. फुईस, नमस्कार.

मी आले नाही. रागावू नकोस.

सोमवारी सकाळी वायरमनला घेऊन खाली गेले. दोर काढायला. पाहते तर भटूभाऊ शिडीवर, पक्कड घेऊन एकेक तार कापताहेत. खाली बाया उभ्या. प्रत्येकीच्या हातात जुन्या लुगड्याची लाल चिंधी. तार सुटेल तसतशी त्या दोराला चिंध्या बांधत होत्या. "फुलं वाळतात," मंजुळाबाई म्हणाल्या. "हलली की लांबून दिसायला पाहिजेत ना."

तेवढ्यात अमनभैया आले. मला म्हणाले, "हे काय चाललंय? मी काय सांगितलं होतं?" सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हणाले, "भैया, दोर चालला नाही कारण तो कुणी रोज ओढत नव्हतं. ओढला असता तर तार पहिल्याच सकाळी कळली असती. आणि ओढत नव्हतं ते त्या नियमामुळे. तो फळ्यावर मी लिहिला होता. पुसू का?"

मग मंजुळाबाई पुढे झाल्या. "भैया, दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं की बोहनी करतात ना? तशी आमची बोहनी. पट्टा सुरू झाला की सकाळी एकेकीने एकदा दोर ओढायचा. चालतो की नाही तेही कळेल, आणि हाताची भीतीही मोडेल."

"मिल इतक्या वेळा बंद पाडायची? सकाळीच?" अमनभैया म्हणाले.

भटूभाऊ शिडीवरून उतरले. त्यांनी चार दिवसांत दाढी केलेली नव्हती. "दोर बांधणारा मी होतो," ते म्हणाले. "पहिली बोहनी माझी." आणि ओढला. पट्टा थांबला. त्यांनी स्वतःच बटण चालू केलं. मग मंजुळाबाई, मग बाकीच्या. अमनभैयांनी मान हलवली नाही. पण थांबवलंही नाही.

शेवटी माझी पाळी आली. मी म्हटलं, मी कशाला, मी तर वर बसते. मंजुळाबाई म्हणाल्या, "म्हणूनच. ओढा." दोर हातात घेतला. वाटलं, आता हापिसात जावं लागेल. ओढला. पट्टा थांबला. मग वर जाण्याआधी ओल्या फडक्याने फळा पुसला.

पुढे काय होईल माहीत नाही. रोज सकाळी अमनभैया घड्याळ पाहत उभे असतात. पट्टा चालू असताना खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, एवढं त्यांनी मानलंय. भागाबाईला हात बरा होईपर्यंत बटणापाशी बसवा असं मी म्हटलं तर "बघू" म्हणतात. मी रोज विचारते. रोज दाराशी थबकते, पण आता आत जाते.

एक विचारायचं होतं. या वेळी तुझ्या पत्राच्या घडीत गुलाबी दोरा निघाला. देवाच्या वाती गुलाबी कधीपासून व्हायला लागल्या?

तुझी,
हेमांगी


धुळे,
१८ ऑक्टोबर

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

वाती मी कधी वळल्याच नाहीत. जुन्याच शेडमध्ये कांड्या भरते. हल्ली गुलाबी साड्यांचं काम आहे. समाधानला माहीत आहे, तुला सांगू नको अशी त्याला शपथ घातली होती. घरात बसलं की कानात एक शिट्टी वाजते, शेडमध्ये ती ऐकू येत नाही. म्हणून जाते. हेही खरं, आणि घराला लागतं हेही खरं.

तुला कधी लिहिलं नाही ते आता लिहिते. माझ्या मागून सुताच्या गाड्या जातात. गाडीवाला ओरडतो, मला ऐकू येत नाही. दोनदा धक्का लागला आहे. सबंध दिवस मी मागे वळून वळून पाहत काम करते, मान दुखून येते. शेजारी इंदिराबाई आहे, तिचेही कान गेले, तीही तशीच वळून पाहते. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींची पाठ राखत बसलो आहोत. पण सांगितलं कुणाला नाही. सांगितलं तर म्हणतील, बहिऱ्या झाल्या, घरी बसवा.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे शेठ शेडमध्ये आले होते. मी उठले. इंदिराबाईने माझा पदर धरला, तो सोडवून गेले. छाती इतकी धडधडत होती की कान गेलेत हेच बरं वाटलं. मी म्हटलं, शेठ, आमच्या समोरच्या भिंतीवर एक लाल दिवा लावा. गाडी आत आली की गाडीवाल्याने बटण दाबायचं. आम्हाला दिसेल. तुमच्या गाड्याही अडणार नाहीत.

मोठ्याने बोलले की हळू, मला कळलं नाही. पण लूमवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या.

शेठ बराच वेळ बोलत होते. मला ओठ वाचता येतात हे तुला माहीत आहे. पण मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं नाही. त्यांच्या मागे भिंत होती, तिच्यावर दिवा कुठे बसेल ती जागा पाहत उभी राहिले.

तुझी फुई,
प्रमिला